रोज रील टाकते, तरी पेपरवाले का विचारत नाहीत?

छोट्या व्यावसायिकांशी बोलताना हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. रोज रील टाकतोय, फॉलोअर वाढतायत, पण पेपरात एक ओळ येत नाही. मग पैसे भरून बातमी लावून घ्यावी का?

जुलै २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एक ताई हाच प्रश्न घेऊन आल्या. तिशीच्या, शिकलेल्या, सासरी पिढ्यान् पिढ्या कोल्हापुरी चपलांचं काम. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांची तगमग समजण्यासारखी होती. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीतल्या बड्या फॅशन कंपनीने थेट कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. सोशल मीडियावर लोक तुटून पडले, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, तेव्हा कुठे कंपनीने भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. पुढे प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. सगळीकडे कोल्हापुरीच्या बातम्या होत्या.

‘‘आमच्या गल्लीच्या तोंडावरनं गेले मॅडम कॅमेरेवाले. आमच्याकडं कुणी वळलं न्हाई.’’

त्यांना एकाने ‘मीडिया पॅकेज’ देऊ केलं होतं. त्याला मी स्पष्ट नको म्हटलं. पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराला प्रेस कौन्सिल ‘पेड न्यूज’ म्हणतं. जाहिरात करायची तर उघडपणे जाहिरात म्हणून करावी, त्यात काहीच गैर नाही. पण विकत घेतलेल्या बातमीने वाचकाची फसवणूक होते, आणि ती करणाऱ्यांत आपलं नाव असू नये.

मग त्यांचं इन्स्टाग्राम उघडलं. चालू गाण्यांवर फिरणाऱ्या चपला, ‘किमतीसाठी मेसेज करा’, सवलतीचे आकडे. गावाचं नाव कुठेच नाही, फोन नंबर नाही, आणि चप्पल बनवणारं एकही माणूस नाही. संध्याकाळपर्यंत पान लावायचं असलेल्या वार्ताहराने हे पाहिलं, तर ही चप्पल घरी बनते की घाऊक बाजारातून आणून विकली जाते, हेच त्याला कळणार नाही. तो पुढच्या अकाउंटवर जातो.

‘‘घरचे का दिसत नाहीत?’’ मी विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग कळलं की सुरुवातीला त्यांनी सासूबाई चपलेवरची चामड्याची वेणी घालतानाचा व्हिडिओ टाकला होता, आणि त्याखाली कुणीतरी जातीवरून घाणेरडं लिहिलं. मुलाच्या शाळेतल्या पालकांनी ते पाहिलं असेल, या विचाराने त्यांनी व्हिडिओ काढला, आणि त्यानंतर घरातलं माणूस एकदाही दाखवलं नाही.

खरं दुखणं इथे होतं. ज्या हातांमुळे पत्रकाराने यायचं, तेच हात पडद्याआड गेले होते. त्यात त्यांचा दोष काडीचाही नव्हता. आम्ही त्या दिवशी बातमीचा विषय बाजूला ठेवला आणि त्या कॉमेंटबद्दलच बोललो. अशा मजकुराचा आधी स्क्रीनशॉट ठेवायचा, मग तो काढायचा. जातिवाचक शिवीगाळीबद्दल अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करता येते. ठरावीक शब्द असलेल्या कॉमेंट लपवण्याची सोय इन्स्टाग्राममध्येच आहे, ती तिथल्या तिथे चालू केली. आणि किती दिसायचं हे फक्त घरच्यांनी ठरवायचं. चेहरा नको असेल तर हात पुरेत.

घरी बोलणं व्हायला काही दिवस गेले. सासूबाई म्हणाल्या, हात दाखवा.

पुढचं काम त्यामानाने सोपं. प्रोफाइलवर गाव, फोन आणि ‘घरी बनवतो’ एवढं लिहिलं. ‘जीआय सर्टिफाइड’ हे शब्द काढले. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्याशिवाय तो दावा करू नये. नोंदणीचं लिडकॉमकडे, म्हणजे राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाकडे विचारा, असं सुचवलं. रीलमध्ये आता कापशी हा कोल्हापुरीचा प्रकार म्हणजे काय, बाभळीची साल आणि हिरडा घालून चामडं कसं कमावतात, वेणीला किती वेळ लागतो, असं येऊ लागलं. प्रत्येक व्हिडिओखाली चार ओळी साध्या मराठीत.

पत्रकाराला पाठवायचा मेसेजही आम्ही मिळून लिहिला. त्यांनी आधी लिहिलं होतं, ‘आमच्या ब्रँडला कृपया प्रसिद्धी द्यावी.’ वार्ताहराचं काम प्रसिद्धी देणं नसतं, त्याला बातमी लागते, आणि ती ताईंच्या घरात होती. नवा मेसेज असा झाला: ‘नमस्कार. आमच्या घरी कोल्हापुरी चपला बनतात. पावसात ही चप्पल कुणी घेत नाही. त्यामुळे प्राडाची चर्चा जोरात असताना आमच्या हातात ऑर्डर नव्हती. वेणी घालणाऱ्या बायका या दिवसांत काय करतात, ते दाखवू शकते. दुपारी घरी असते.’ खाली नंबर, सोबत हातांचे दोन स्वच्छ फोटो. जिल्ह्यातल्या घडामोडी फेसबुकवर नियमित लिहिणाऱ्या, ज्यांचं लेखन त्या आधीपासून वाचत होत्या, अशाच वार्ताहरांना तो पाठवला. सरसकट सगळ्यांना नाही.

बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने फोन केला, येऊन गेला, आणि आतल्या पानावर दोन कॉलमी बातमी आली.

त्याने विक्री एकदम वाढली नाही, हे मुद्दाम सांगते. थोडे फोन आले. ‘दोन आठवडे लागतील’ असं सांगायची तयारी आधीच केल्यामुळे कुणाला खोटा शब्द द्यावा लागला नाही. ताईंनी कात्रण प्रोफाइलवर सगळ्यात वर लावलं. ते पाहून दिवाळीच्या आधी पुण्याहून एका वार्ताहर मुलीचा फोन आला, घरी येऊन शूट करू का म्हणून. सासूबाईंनी होकार दिला आणि अट घातली की शेजारच्या दोघींनाही घ्यायचं, त्या आपल्यापेक्षा बारीक वेणी घालतात.