आकडा, अंक आणि अक्षर: वाचकांचे पायथनविषयी प्रश्न

(या सदरात आकडे मराठीत आणि फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. प्रोग्राम लिहिताना दोन्ही इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करा; अवतरणचिन्हांत नुसते अंक असतील तर ते मात्र मराठीतच ठेवा. नुसता मराठी ५ कोडमध्ये संख्या म्हणून लिहिला तर पायथन सिंटॅक्स एरर देते.)

प्रश्न: गुणपत्रिका छापण्याचा प्रोग्राम लिहितो आहे. सीएचआर(६५) दिले की रोमन ए येतो, पण सीएचआर(७) दिले तर पडद्यावर काहीच दिसत नाही. आणि गुण मराठी अंकांत छापायचे असतील तर काय करावे?

उत्तर: सीएचआरला तुम्ही देता तो आकडा म्हणजे युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीतला अक्षराचा क्रमांक. ७ क्रमांकावर पूर्वीच्या टेलिप्रिंटरची घंटा वाजवणारे नियंत्रक चिन्ह आहे. ते दिसत नाही, काही टर्मिनलवर मात्र टुणकन आवाज येतो. इंग्रजी सात या अंकाचा क्रमांक ५५ आहे, कारण शून्य ४८ वर बसतो. तुम्हाला क्रमांकावरून अक्षर नको आहे, संख्येचे लेखी रूप हवे आहे, आणि त्यासाठी फंक्शन वेगळे आहे: एसटीआर(७).

मराठी ० चा क्रमांक २४०६ आणि ९ चा २४१५. म्हणून सीएचआर(२४०६ + ७) केले की मराठी ७ मिळतो. हे पाहून बरेच जण पूर्ण गुणच २४०६ मध्ये मिळवतात आणि तिथे फसतात. ३५ मिळवले की २४४१ होतात, आणि तिथे बंगाली लिपीतला उ आहे. ८५ मिळवले तर २४९१, ही बंगालीच्या पट्ट्यातली रिकामी जागा, म्हणून कागदावर नुसता चौकोन उमटतो. ही बेरीज एका वेळी एकाच अंकाला लागू पडते.

दोन-तीन अंकी गुणांसाठी सरळ मार्ग असा. एसटीआर.मेकट्रान्सला दोन स्ट्रिंग द्या: पहिलीत इंग्रजी शून्य ते नऊ, दुसरीत "०१२३४५६७८९". जो तक्ता मिळेल तो लूपच्या बाहेर, एकदाच तयार करून ठेवा. मग प्रत्येक ठिकाणी एसटीआर(गुण).ट्रान्सलेट(तक्ता). साडेब्याऐंशीचे ८२.५ होतात. दशांशचिन्ह आणि वजाचे चिन्ह तक्त्यात नसल्याने जसेच्या तसे राहतात.

हे रूपांतर अगदी शेवटी, छापण्याच्या ओळीतच करा. आधी केले तर "८५" आणि "७०" यांची बेरीज "८५७०" येते आणि गुणानुक्रम लावताना "९" हा "१००" च्या वर जाऊन बसतो. उलट दिशेला काहीच खटपट नाही: इंट("८५") दिले की पायथन मराठी अंक ओळखून संख्या परत करते. एसटीआर मात्र आपणहून मराठी अंक कधीच देत नाही.

सीएचआर वापरताना टाइप एरर आली तर दोन जागा तपासा. इनपुटमधून आलेली किंमत स्ट्रिंग असते, ती आधी इंटमधून काढावी लागते. आणि एका तिरप्या रेघेचा भागाकार १३० भागिले २ चेही उत्तर ६५.० असे दशांशात देतो, जे सीएचआर घेत नाही. दोन तिरप्या रेघा वापरा.

प्रश्न: सीएचआर(२३२५) ने क मिळाला, पण ज्ञ चा क्रमांक कुठेच सापडत नाही.

उत्तर: तो नाहीच. ज्ञ तीन क्रमांकांनी बनतो: ज २३३२, पाय मोडण्याचे चिन्ह २३८१ आणि ञ २३३४. तिन्हींची सीएचआर करून अधिक चिन्हाने जोडा, जोडाक्षर दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. क्ष चेही तसेच.

याचा खरा फटका लांबी मोजताना बसतो. "ज्ञानेश्वर" या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, लांबी मोजणारे लेन हे फंक्शन मात्र १० सांगते, कारण ते क्रमांक मोजते. नाव रकान्यात बसवण्यासाठी स्ट्रिंग मधेच कापली तर शेवटी पाय मोडलेला श् लोंबकळत राहतो.

"तऱ्हा" लिहिताना र (२३५२) घेतला तर रफार होऊन "तर्हा" उमटतो. इथे ऱ, म्हणजे २३५३ हवा. ॲ चीही काळजी घ्या. त्याला २४१८ हा स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीच्या मजकुरात तो २३०९ आणि २३७३ अशा जोडीने लिहिलेला असतो. दोन्ही दिसायला सारखेच, पण शोधताना एकमेकांशी जुळत नाहीत, आणि युनिकोडचे नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत) त्यांना एक करत नाही. आपणच रिप्लेस करून एक रूप ठरवावे.

प्रश्न: एका फाइलमधून २२४, १६४, १४९ असे आकडे मिळतात. प्रत्येकाला सीएचआर लावले तर मराठीऐवजी वर रेघ असलेला रोमन ए आणि भलतीच चिन्हे येतात.

उत्तर: हे तीन आकडे म्हणजे तीन अक्षरे नाहीत, एकाच क चे यूटीएफ-८ मधले (युनिकोडचे क्रमांक फाइलमध्ये बाइटांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीतले) तीन बाइट आहेत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. बाइट्स या फंक्शनला तिन्हींची यादी द्या आणि डीकोड("यूटीएफ-८") म्हणा. फाइल १०२४ बाइटांच्या तुकड्यांत वाचून प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड करत असाल तर एरर येणारच, कारण १०२४ ला तीनने भाग जात नाही आणि अक्षर मधेच तुटते. फाइल मजकूर म्हणून उघडा, एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगा. तुकडे जोडण्याचे काम मग पायथनच करते.

प्रश्न: सी भाषेत प्रिंटएफला टक्का-सी देऊन २३२५ छापले, क का येत नाही?

उत्तर: तिथे आकड्याचा एकच बाइट उरतो. २३२५ ला २५६ ने भागून राहिलेली बाकी २१, आणि तेही न दिसणारे नियंत्रक चिन्ह. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करून "क" ही स्ट्रिंग म्हणून टक्का-एस ने छापा.