व्हिपलनंतर (स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशननंतर) दहा दिवस झाले तरी पोटातली नळी काढत नाहीत. ऑपरेशन बिघडलं का?

बहुतेक वेळा नाही. शेजारच्या पेशंटची नळी चौथ्या दिवशी निघाली आणि वडिलांची अजून आहे, असं तुम्ही लिहिलंय. हा फरक बऱ्याचदा सर्जनच्या हातापेक्षा स्वादुपिंडाच्या पोतामुळे पडतो.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग), पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर सहसा लहान आतड्याला जोडतात. यातला स्वादुपिंडाचा जोड सगळ्यात नाजूक. स्वादुपिंडातली नलिका बरेच दिवस तुंबलेली असेल तर ती रुंद होते, ग्रंथी टणक होते आणि टाका धरून ठेवते. ग्रंथी लोण्यासारखी मऊ आणि नलिका 3 मिमीहून बारीक असेल तर गाठ मारतानाच टाका कापत जातो. तिथून झिरपणारा रस प्रथिनं पचवणारा असतो. तो पोटात साचू नये म्हणून नळी.

पिशवीत किती आलं यापेक्षा काय आलं ते बघा. तिसऱ्या दिवसापासून पुढे त्या पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडातलं एक एन्झाइम) रक्तातल्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर गळती धरतात. म्हणजे लॅबची मर्यादा 100 असेल तर 300 च्या वर. आकडा हजारांत असूनही ताप नाही, जेवण जातंय, उपचारात काही बदलावं लागलं नाही, तर ती नुसती बायोकेमिकल, म्हणजे फक्त तपासणीत दिसणारी गळती. नळी 3 आठवड्यांहून जास्त ठेवावी लागली किंवा साचलेलं पाणी काढायला नवी घालावी लागली, की ग्रेड बी गळती. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं किंवा गळतीमुळे एखादा अवयव निकामी झाला, तर सी.

फिकट पिवळं पाणी ठीक. मातकट, राखाडी झालं तर लगेच दाखवा. हिरवं म्हणजे पित्त. आणि नळी एकदम कोरडी पडून ताप चढला तर खूश होऊ नका. ती चोंदली किंवा सरकली असेल.

ताजं लाल रक्त मात्र चमचाभर आलं तरी थांबायचं नाही. ऑपरेशनमध्ये कापलेल्या धमनीचं टोक स्वादुरसाने कुरतडलं की आधी थोडं रक्त येतं, आपोआप थांबतं आणि काही तासांनी किंवा दिवसांनी धो धो सुटतं. ‘थांबलंय ना, सकाळी बघू’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. तातडीने सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारं सीटी स्कॅन) करायची का, ते विचारा. असा रक्तस्राव इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट बऱ्याचदा पोट न उघडता कॉइल किंवा स्टेंट घालून थांबवतात.

स्वादुपिंडाचा भाग काढल्याने पाचक रस कमी पडू शकतो, म्हणून आहारतज्ज्ञांना एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल विचारा. मोठ्या जेवणाला साधारण 40 ते 50 हजार युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) लागतं. जेवणाआधी उपाशीपोटी नव्हे, घासांबरोबर. विष्ठा तेलकट, तरंगणारी असेल तर डोस कमी पडतोय.

गाठ कॅन्सरची असेल तर लांबलेल्या नळीमुळे केमो हुकेल ही धास्ती नको. आधी अंगात ताकद येऊ द्या. ऑपरेशननंतर 12 आठवड्यांपर्यंत सुरुवात करता येते.