मुक्तछंद, व्हायोलिन आणि घुमट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी मराठीत कविता करते, बहुतेक मुक्तछंदातल्या. माझी मैत्रीण व्हायोलिन वाजवते. साखळीच्या रवींद्र भवनात आमचा दोघींचा पाऊण तासाचा कार्यक्रम ठरलाय. प्रॅक्टिसला बसलो की एकतर माझे शब्द तिच्या सुरात बुडतात, नाहीतर ती नुसती मागे वाजवत बसते आणि मग तिला वाईट वाटतं. आम्हाला गाणी करायची नाहीयेत, वाचनच करायचंय. काय करू?
– एक वाचक, डिचोली

अगं, आधी कविता कमी कर. पाऊण तास म्हटलं की सगळे बारा-तेरा कविता कोंबतात, तू सहा-सातच घे, कारण शेवटची ओळ संपल्यावर ऐकणाऱ्याला जरा वेळ लागतो आणि तोच वेळ तुझ्या मैत्रिणीचा आहे, तिथे तिला मोकळं वाजवू दे.

शब्द बुडतात याचं कारण नुसता आवाज मोठा हे नाही. नेहमीच्या पाश्चात्य ट्यूनिंगमध्ये व्हायोलिनची सगळ्यात खालची तार 196 हर्ट्झला असते आणि बायकांचं साधं बोलणं साधारण 165 ते 255 हर्ट्झमध्ये चालतं, म्हणजे दोघी एकाच पट्टीत! त्यात व्यंजनं स्पष्ट कळतात ती मुख्यतः 2 ते 4 हजार हर्ट्झच्या आसपास, आणि व्हायोलिनचा टोकदारपणाही तिथेच. म्हणून तू बोलत असताना तिने एकच लांब स्वर हलक्या हाताने धरावा, नाहीतर बो बाजूला ठेवून बोटाने तार छेडावी. साउंडवाल्याला 'माइक वाढव' सांगून हे सुटणार नाही.

आणि मुक्तछंदाला ठेका नको, प्लीज. तबला लागला की तू नकळत त्याच्या मात्रांवर बोलायला लागशील आणि ओळ जिथे तोडलीस ती जागाच जाईल. वृत्तातली एखादी कविता असेल तर गोष्ट वेगळी, उदाहरणार्थ भुजंगप्रयात, म्हणजे मनाच्या श्लोकांचं वृत्त, मोजून बघ: लगागा (लघु-गुरू-गुरू) म्हणजे 5 मात्रा, एका ओळीत असे चार गण, 20 मात्रा, म्हणजे 10 मात्रांच्या झपतालाची बरोबर दोन आवर्तनं. तिथे ठेका शोभतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या कवितेत पाऊस असेल आणि तीही तारांवर पाऊसच वाजवत असेल तर एकीने थांबायला हवं. तिने तो खरंच छान आणला तर तू पावसाच्या दोन ओळी गाळ, स्वतःच्या ओळी गाळताना जीव तुटतो हे मला माहितीय पण गाळ, नाहीतर तिला सांग की पाऊस मी बोलते, तू त्या बाईचा घरातला एकटेपणा वाजव. दोघी तेच सांगत बसलात तर ती मागे पडणारच, आणि वाईट वाटणं तिथूनच येतं गं. एक कविता तरी अशी ठेव की सुरुवात ती करेल, तू नुसती ऐकशील आणि तिने जिथे सोडलं तिथून त्याच लयीत पहिली ओळ उचलशील.

कवितांची एक कॉपी तिला दे आणि त्यात 'इथे वाजवू नको' एवढ्याच जागांवर पेन्सिलने खुणा कर. स्टेजवर तिला मागे बसवू नकोस, बाजूला थोडं तिरकं बसव म्हणजे तुझा श्वास तिला दिसेल, लाइव्हमध्ये इशारा तोच असतो. पोस्टरवर दोघींची नावं एकाच साइझमध्ये आणि मानधन निम्मं-निम्मं, हे आत्ताच बोलून घ्या.

प्रश्न: चुलतभाऊ आरतीला घुमट (मडक्याला कातडं लावलेलं गोव्याचं तालवाद्य) वाजवतो. आम्ही दोघं मिळून बाकीबाबांच्या, म्हणजे बा. भ. बोरकरांच्या कवितांना चाली लावून तिकीट ठेवून कार्यक्रम करायचा म्हणतोय. परवानगी लागते का? आणि पावसात घुमटाचा सूर उतरतो, त्याचं काय?
– एक वाचक, फोंडा

लागते. बोरकर 1984 ला गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे 2044 संपेपर्यंत. वाचनात थोडा उतारा घेतला तर चालतं, पण अख्खी कविता, वर चाल आणि तिकीट, म्हणजे वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्याच. रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकणार असाल तर तेही त्याच पत्रात विचारा.

घुमटाचं म्हणाल तर दमट हवेत कातडं सैल पडणारच. कार्यक्रमाआधी उन्हात किंवा थोड्या शेकाला धरा, फार जवळ नको. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, ती 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आता बकरीचं वापरतात आणि 2019 मध्ये तर गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, त्यामुळे बिनधास्त स्टेजवर आणा. फक्त कवितेला घुमटासोबतचे शामेळ (ढोलकं) आणि कांसाळं (झांजा) नकोत, शब्द ऐकूच येणार नाहीत. एकटं घुमट पुरे, आणि भावाला सांगा की डाव्या तळव्याने मागचं तोंड उघडझाप करून तो खर्ज काढतो ना, तो ओळीच्या मध्ये नको, ओळ संपल्यावर.