चाक घुमतंय, पण नेमकं कुठलं?

प्रश्न : माझ्याकडं २००७ ची मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली, त्यामुळं विकायचा विषय नाही. पन्नासच्या पुढं गेलं की घुंऽऽ असा आवाज सुरू होतोय, सत्तरला तर मागं बसलेल्या माणसाशी बोलता येत नाही. एका मेस्त्रींनी पुढचे दोन्ही बेरिंग बदलले, पैसे गेले, आवाज हाय तिथंच. आता ते म्हणतात टायर बदला, दुसरे म्हणतात गिअरबॉक्स उतरवू. काय करू?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : गिअरबॉक्सला सध्या कुणाला हात लावू देऊ नका. इस्लामपूर रोडला किंवा जिथं मोकळा पट्टा सापडेल तिथं साठच्या आसपास जा आणि क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाका (इंजिन बंद करायचं नाही हं, ब्रेक जड होतो). इंजिनचा आवाज खाली आला पण घुंऽऽ तसाच राहिला आणि स्पीड उतरेल तसा हळूहळू उतरला, तर दोष चाकाकडचा, टायर नाहीतर बेरिंग. गिअरबॉक्समधल्या डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर) आवाज बहुतेक वेळा ऍक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो, बेरिंगला त्याचं काही देणंघेणं नसतं, ते फक्त स्पीड ओळखतं.

आता टायर का बेरिंग? डांबरीवरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाची जात बदलली तर टायर. रस्ता कुठलाही असो, एकच सूर, तर बेरिंग. आणि घरी उभ्या गाडीच्या टायरवरून तळहात फिरवा, एकदा पुढं एकदा मागं. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीच्या दात्यासारखं लागलं तर तो टायर घुमणारच, अलाइनमेंट गेलेल्या गाडीला हे हमखास होतं. शंका असेल तर पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं टाकून बघा, पंक्चरवाला थोडक्यात करून देतो, आवाजानं जागा बदलली तर बेरिंग निर्दोष.

खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे. मागं बसलेल्याशी बोलता येत नाही म्हणताय, मग पुढचे बेरिंग कुणी आणि का बदलले? आवाज पत्र्यातून सगळ्या गाडीत फिरतो आणि ड्रायव्हरला तो कायम पुढूनच आल्यासारखा वाटतो, म्हणून सगळे आधी पुढंच बघतात. एकदा स्वतः मागच्या सीटवर बसा, गाडी दुसऱ्याला चालवू द्या, आणि लांब वळणावर कान द्या. डाव्या वळणाला गाडीचं वजन उजव्या चाकांवर येतं, तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर, उजव्या वळणाला वाढला तर डाव्या बाजूवर. शंभर टक्के खात्रीची परीक्षा नाही ही, पण बाजू बऱ्यापैकी कळते.

मग जॅक. मागचं बघताना पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक मात्र सोडा, आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड हवाच. चाक वर आणि खाली धरून हलवा, खटखट लागली तर प्ले आहे, म्हणजे चाक ढिलं आहे. प्ले नसेल तरी सोडू नका, एक हात सस्पेन्शनवर ठेवून दुसऱ्या हातानं चाक जोरात फिरवा, खराब बेरिंगची खरखर बोटांना कळते, कानाला यायच्या आधी. (पुढच्या चाकाला प्ले सापडला तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेरिंग, राहिला तर बॉल जॉइंटकडं बघा. तीन आणि नऊच्या काट्यावर धरून हलत असेल तर टाय रॉड एंड पण असू शकतो.)

माझा अंदाज, मागचं एक बेरिंग गेलंय. जुन्या मारुतीत ते ब्रेकच्या ड्रममध्येच बसवलेलं असतं, आत एक आणि बाहेर एक, मध्ये स्पेसर (दोघांत अंतर ठेवणारी नळी). दोन्ही बदला, नवीन सील आणि नवीन कॉटर पिन टाका, आणि स्पेसर परत आत गेला का ते उभं राहून बघा, तो विसरला की नट आवळल्यावर नवीन बेरिंग पण दाबलं जाऊन गरम होतं. दुसऱ्या बाजूचं चांगलं असेल तर ते उगाच बदलायची गरज नाही, जोडीनंच बदलावं असा काही नियम नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या झेनचं पुढचं बेरिंग बदललं की थोड्याच महिन्यांत परत वाजायला लागतं. माल डुप्लिकेट येतो का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : डुप्लिकेट माल येतो, नाही असं नाही, त्यामुळं एसकेएफ घ्या नाहीतर एनबीसी, पण ओळखीच्या दुकानातनं पक्क्या बिलावर घ्या. तरी माझा पहिला संशय हातोड्यावर आहे. बेरिंगला दोन रिंगा, आतली आणि बाहेरची, मधे गोळ्या. नकलमध्ये (पुढच्या चाकामागचा, बेरिंग धरणारा लोखंडी भाग) बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगेवर द्यायचा, आणि मग हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) आत घालताना आतल्या रिंगेला खालून आधार द्यायचा. मेस्त्रीनं आतल्या रिंगेवर ठोकलं की सगळा मार गोळ्यांवरून रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या खाचेवर जातो आणि तिथं बारीक खड्डे पडतात. पुढच्या वेळी काढलेलं बेरिंग घरी आणा, फोडून उन्हात रेस बघा, गोळ्यांच्या अंतरावर एकसारखे ठिपके दिसले तर ते बसवतानाच मेलेलं होतं.

म्हणून नकल उतरवून प्रेस असलेल्या माणसाकडं न्या, कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला विचारलं तर कुणीतरी सांगेल. जुनी आतली रिंग कित्येकदा हबवरच अडकून राहते, ती काढताना हबला चरा पडला किंवा बेरिंग त्यावर सैल बसत असेल तर हब पण बदला, तिथं पैसे वाचवू नका. ब्रेकचा कॅलिपर तारेनं बांधून ठेवायला सांगा, होजपाइपवर लोंबकळत सोडलेला मी गॅरेजोगॅरेजी बघतो, आणि ऍक्सल नट शेवटी टॉर्क रेंचनं, पान्याला पाइप लावून अंदाजानं नाही.

प्रश्न : २०२१ च्या पुरात गाडीची चाकं दोन दिवस पाण्यात होती. इंजिनचं काम झालं, पण आता चाकं वाजतात. संबंध असेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : असेल की. पुराचं पाणी म्हणजे गाळ, आणि बेरिंगचं सील रस्त्यावरचं पाणी उडेल त्यासाठी असतं, दोन दिवस बुडून राहण्यासाठी नाही. आत पाणी गेलं की ग्रीस दुधाळ होतं, रेसला गंज धरतो आणि मग काही काळानं आवाज सुरू होतो, त्यामुळं लोकांना पूर आठवतच नाही. चारही बघून घ्या, ड्रम उघडलाच आहे तर ब्रेक शू आणि व्हील सिलिंडर पण. आणि वॉशिंगला प्रेशरचा पाइप हबच्या तोंडाशी धरू देऊ नका, तो पण तेच काम करतो, फक्त हळूहळू.

प्रश्न : नुसता आवाज आहे, प्ले नाही. ऊसाचा सीझन संपेपर्यंत चालवली तर?
— एक वाचक, आष्टा

उत्तर : गावातल्या गावात थोडे दिवस चालेल, हायवेला नको. चाक हलायला लागलं की डिस्क पण हलते, ती पॅडना मागं ढकलते आणि पुढच्या वेळी ब्रेकचा पेडल खोल जातो, नेमकं ट्रॅक्टर-ट्रॉली समोर आडवी आल्यावर हे कळून उपयोग नाही. आवाज वाढला, चाक हाताला बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं किंवा प्ले दिसला की त्याच दिवशी उभी करा.

प्रश्न : जुन्या जीपचं टेपर (निमुळत्या रोलरचं) बेरिंग किती आवळायचं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : चाक हातानं फिरवत फिरवत नट आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट सैल सोडा आणि परत हलक्या हातानं टेकवा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि प्ले नावापुरता पाहिजे. नक्की माप गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते आधी बघा. घट्ट ठेवलं तर जळतं, आणि बहुतेक जण घट्टच ठेवतात. नटचं लॉक नवीन टाका, आणि थोडं चालवून हबला हात लावून बघा.