आधी छेद बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा काल रात्री वाचला. आलेख देखणा काढलास. पण त्याखालच्या वाक्याशी मी अडले. 'महिलांचा बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ५.६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ वर आला. म्हणजे श्रमबाजाराची तब्येत सुधारली.' आकडे बरोबर आहेत, सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणातलेच आहेत. त्यातला 'म्हणजे' तेवढा खोड.

त्याच २०२३-२४ मध्ये पुरुषांचा दरही ३.२ टक्केच आहे. पण पंधरा वर्षांवरच्या शंभर पुरुषांपैकी ७९ श्रमबलात, म्हणजे कामावर किंवा कामाच्या शोधात, आणि शंभर बायकांपैकी ४२. दर सारखा म्हणून दोघांची गत सारखी, असं तू म्हणशील का?

दराच्या अंशात काम शोधणारे असतात. छेदात काम करणारे आणि शोधणारे मिळून. जी कामावरही नाही आणि शोधतही नाही ती वरूनही गळते, खालूनही. एका वस्तीत चाळीस बायका कामावर आहेत, दहा शोधात आहेत असं समज. दर २० टक्के. तालुक्याला जाणारी सकाळची एसटी बंद झाली आणि त्या दहातल्या सहा जणींनी नाद सोडला. आता चार भागिले चव्वेचाळीस, दर ९ टक्क्यांवर. काम मात्र एकीलाही मिळालेलं नाही! याच्या उलटही होतं. जवळ एखादा कारखाना निघाला की घरी बसलेल्या पोरी अर्ज घेऊन रांगेत येतात आणि दर चढतो. तेव्हा दर चढला म्हणून लगेच कपाळाला हात लावू नकोस.

श्रमबलात असलेली आणि नसलेली यातली रेघ कुठं मारली जाते, हे मी सर्वेक्षणासाठी गावात फिरताना शिकले. सुरुवातीची वर्षं होती. दारात नवरा उभा. 'बायको काय करते?' 'काही नाही, घरीच असते.' मी कोड ९२ लिहिला, म्हणजे फक्त घरकाम, आणि निघाले. मागं गोठ्यात ती बाई धार काढत होती. कॅन डेअरीला जायचा होता. म्हणजे कोड २१ हवा होता, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत. ऊन फार होतं, परत फिरायचा कंटाळा केला. तो ९२ तसाच वर गेला.

म्हणून 'काम करता का?' असं कधी विचारू नकोस. बाईला 'काम' म्हणजे पगार वाटतो. सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते विचार, दूध कुठं जातं ते विचार, खुरपायला शेवटचं कधी गेली होती ते विचार. आणि शक्यतो तिलाच विचार.

आता दुसरी बाजू, कारण तुझ्या मसुद्यात ती अजिबात नाही. बायकांपैकी श्रमबलात असलेल्यांचं प्रमाण, म्हणजे सहभाग, २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेलं. मोठी उडी आहे, ती नाकारायची नाही. पण कामावरच्या बायकांत पगारी नोकरीवाल्या २१ टक्के होत्या, त्या १५.९ वर आल्या. घरच्या शेतात-दुकानात बिनपगारी राबणाऱ्या ३१.७ वरून ३६.७ वर गेल्या. वर्षातून तीस दिवस असं काम केलं तरी नेहमीच्या स्थितीच्या, म्हणजे मागच्या वर्षभराचा हिशेब धरणाऱ्या, मोजणीत ती कामकरी धरली जाते. २०१९-२० ची ओळ नीट बघ. सर्वेक्षणाचं वर्ष जुलै ते जून, म्हणून त्या वर्षाचे शेवटचे तीन महिने टाळेबंदीचे. तरीही बायकांचा सहभाग २४.५ वरून ३० वर चढला आणि बेरोजगारी ५.१ वरून ४.२ वर उतरली. माझं मत विचारशील तर ही तब्येत नव्हे, नड आहे. घरातली मिळकत आटली की बाई हाताला लागेल ते करते, आणि तक्त्यात तिचा रोजगार होतो.

ऊसतोडीचं उदाहरण घाल, बीडकडच्या वाचकाला वेगळं समजावायला नको. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणारी ती, पण उचल बहुधा त्याच्या हातात पडते. या बाईला बेरोजगार कोणीच म्हणणार नाही. तिच्या मजुरीचा वेगळा आकडा मात्र मुकादमाच्या वहीत शोधून दाखव.

घरकामाचे तासही जोड. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. काम शोधायला वेळ कुठून काढायचा, याचं अर्धं उत्तर तिथं आहे.

आलेख ठेव, पण एकाचे तीन कर: दर, सहभाग आणि कामाचा प्रकार, एकाखाली एक. शहर आणि गाव वेगळं काढ. याच काळात शहरी बायकांचा दर १०.८ वरून ७.१ वर आला, गावात तो २०२३-२४ मध्ये २.१ होता, आणि हे अंतर तुझ्या सरासरीत बुडून गेलंय. बीडमधल्या आष्टी-पाटोद्याकडे जायचं असेल तर दिवाळीच्या आधी जा, नंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघून जातात आणि घराला कुलूप किंवा म्हातारी भेटते. म्हातारीशीही बोल. ती नातवंडं सांभाळत असेल, तिचा कोड काय लिहिलास ते मला कळव.

तुझी,
ताई