कर-शंका: नातीच्या ठेवीवरचे व्याज कोणाच्या विवरणपत्रात?

प्रश्न: माझ्या वडिलांनी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या नावे बँकेत सहा लाख रुपयांची मुदत ठेव केली असून तिच्यावर २०२५-२६ या आर्थिक वर्षात ४२,००० रुपये व्याज मिळाले. बँकेने त्यातून टीडीएस (व्याज देतानाच कापून घेतला जाणारा कर) कापलेला नाही. वजावटी जाऊन माझे एकूण उत्पन्न ११ लाख आणि पत्नीचे साडेतेरा लाख रुपये आहे. दोघांनीही नवी करप्रणाली घेतली आहे. पैसे आजोबांचे असल्यामुळे हे व्याज करमुक्त आहे का? नसल्यास, माझा कर कमी बसत असल्याने ते मी माझ्या विवरणपत्रात दाखवावे काय? मुलीला चित्रकला स्पर्धेत १०,००० रुपयांचे बक्षीसही मिळाले आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर: आजोबांनी नातीला दिलेली भेट करमुक्त आहे, तिच्यावरचे व्याज नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ६४(१अ) नुसार अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाचे उत्पन्न, मूळ रक्कम कोणीही दिलेली असो, आईवडिलांपैकी ज्याचे एकूण उत्पन्न (मुलाचे उत्पन्न न धरता) अधिक असेल त्याच्या उत्पन्नात मिळवावे लागते. तुमच्या घरात ती व्यक्ती तुमच्या पत्नी आहेत. सोयीनुसार निवड करण्याची मुभा कायदा देत नाही. शिवाय एकदा हे उत्पन्न एकाच्या खाती धरले गेले की पुढच्या वर्षी दुसऱ्याचे उत्पन्न वाढले तरी ते आपोआप तिकडे जात नाही. त्यासाठी करनिर्धारण अधिकाऱ्याने दुसऱ्या पालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन तसे ठरवावे लागते. त्यामुळे पहिल्याच वर्षी चूक करू नये. (आईवडील विभक्त होऊन विवाह संपुष्टात आला असेल, तर मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाच्या खाती हे उत्पन्न जाते.)

टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, हा समज फार पसरलेला आहे. २०२५-२६ साठी बँकव्याजावरील टीडीएसची मर्यादा साधारण ग्राहकाला ५०,००० रुपये आहे आणि तुमचे व्याज तिच्या आत आहे, इतकाच त्याचा अर्थ. पत्नीच्या १५ टक्क्यांच्या टप्प्यात या व्याजावर ६,३०० रुपये कर आणि ४ टक्के उपकर मिळून ६,५५२ रुपये होतात. पुढे कधी मुलीच्या नावावर टीडीएस कापला गेला, तर त्या कापलेल्या कराची जमा पत्नीला मिळावी म्हणून बँकेकडे तसे घोषणापत्र द्यावे. विवरणपत्रातील एसपीआय या परिशिष्टात मुलीचे नाव, नाते आणि रक्कम नोंदवावी.

प्रत्येक अपत्यामागे वर्षाला १,५०० रुपयांपर्यंत सूट देणारे कलम १०(३२) जुन्या करप्रणालीतच लागू होते, नव्या नाही. तिचा आकडा १९९२ च्या वित्त कायद्यात ठरला आणि तेव्हापासून तिथेच आहे. आज तेवढ्यात बरे दप्तरही येत नाही, तेव्हा तुमचे मोठे नुकसान झाले असे मानू नका.

बक्षिसाचे गणित मात्र वेगळे आहे. मुलाने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने, कलेने मिळवलेले उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. ते १०,००० रुपये तुमच्या मुलीचे स्वतःचे उत्पन्न ठरते आणि एवढ्या रकमेसाठी तिला विवरणपत्र भरावे लागणार नाही. तेच बक्षीस तुम्ही मुदत ठेवीत ठेवले, तर त्याचे व्याज कौशल्याचे नसून गुंतवणुकीचे असल्यामुळे पत्नीच्याच उत्पन्नात येईल. करमुक्त व्याज हवे असेल, तर तिच्या नावे सुकन्या समृद्धी खाते दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच उघडावे लागते, ती वेळ आता गेली आहे. अज्ञान मुलाच्या नावे पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खाते उघडता येते, पण ते खाते चालवणाऱ्या पालकाचे स्वतःचे आणि मुलाचे खाते मिळून वार्षिक मर्यादा दीड लाख रुपयांचीच राहते.