पॉडच्या कंपनचाचणीसाठी १२ सॉर्टी कशा वापराव्यात

विमानाखाली टांगलेल्या पॉडचं वजन आणि गुरुत्वमध्य, उड्डाणाची उंची, वेग आणि जी-भार (वळताना किंवा वर ओढताना वाढणारा भार) असे पाच घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या, मोजायचं पायलनवरचं (पॉड ज्याला टांगतात त्या आधारावरचं) कंपन आणि हातात १२ सॉर्टी, म्हणजे १२ उड्डाणं. एकेक घटक बदलत जावं की डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स (आखून ठरवलेल्या जोडण्यांत अनेक घटक एकत्र बदलणं) वापरावं, असं तुम्ही विचारलंय.

डिझाइनच वापरा. सगळ्या जोडण्या ३२ होतात. त्यांतल्या नीट निवडलेल्या १६ पॉइंटांतही (एक पॉइंट म्हणजे एका जोडणीवर घेतलेलं मोजमाप) प्रत्येक घटकासाठी ८ विरुद्ध ८ मोजमापं मिळतात. एकेक घटक बदलत तेवढी अचूकता हवी असेल तर ४८ पॉइंट उडवावे लागतील, आणि भरलेल्या पॉडला जास्त वेगातच कंपन चढतं का, हे तरीही कळणार नाही.

पण आराखडा जसाच्या तसा उड्डाणाच्या कार्डवर (वैमानिकाच्या पॉइंटांच्या यादीवर) उतरवू नका. पॉडचं वजन आणि गुरुत्वमध्य जमिनीवरच बदलता येतात, म्हणजे हा स्प्लिट-प्लॉट झाला: काही घटक सॉर्टीभर तेच, बाकीचे पॉइंटागणिक बदलणारे. (ही पद्धत शेतीच्या प्रयोगांतून आली: पाणी अख्ख्या पट्ट्याला द्यावं लागतं, बियाणं तुकड्या-तुकड्यात बदलता येतं.) जमिनीवरच्या ४ जोड्या, म्हणून ४ सॉर्टी, प्रत्येकीत ४ पॉइंट. मात्र जोडीमागे एकच सॉर्टी झाली तर फरक पॉडमुळे पडला की त्या दिवसाच्या हवेमुळे, हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक जोडी दोनदा उडवा आणि दुसऱ्या फेरीत उरलेले १६ पॉइंट घ्या. ८ सॉर्टींत सगळे ३२ होतात. बाकीच्या ४ हवामान, नादुरुस्ती आणि पडताळणीसाठी राखून ठेवा.

आता क्रम. आमच्या एका चाचणीत प्रत्येक कार्डवर आधी वरचे पॉइंट, मग खालचे असत. वैमानिकाला ते सोयीचं होतं. पण खाली येईपर्यंत टाक्या अर्ध्या झालेल्या असायच्या. अहवालातला फरक उंचीचा की घटलेल्या वजनाचा, हे काही केल्या सुटेना. त्या सॉर्टी पुन्हा उडवाव्या लागल्या. तेव्हा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. ते अगदीच अशक्य असेल तर दुसऱ्या फेरीत खालून सुरुवात करा. प्रत्येक पॉइंटला उरलेलं इंधन लिहून घ्या.

हे सगळं मंजूर उड्डाणमर्यादेच्या आतच. फ्लटरच्या (हवेच्या जोराने पंखाचं किंवा शेपटीचं कंपन आपोआप वाढत जाणं) किंवा मर्यादा वाढवण्याच्या चाचण्यांत वेग पायरीपायरीनेच चढतो, आधीच्या पायरीचा डेटा पाहिल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. तिथे चिठ्ठ्यांना जागाच नाही.

कार्डं पक्की करण्याआधी दोन आकडे कळवा: तोच पॉइंट पुन्हा उडवला तर कंपन किती इकडेतिकडे होतं, आणि किमान किती वाढ तुमच्या दृष्टीने काळजीची आहे. त्यावरून ३२ पॉइंट पुरतील का, याचा हिशेब करून देतो.